लांब पल्ल्याच्या शर्यती का आटल्या?

प्रश्न असा आहे: पुण्याला सप्टेंबरात होणाऱ्या इंडियन सेंट लेजरमध्ये (२८०० मीटर) मोजकेच घोडे धावताना दिसतात. इंग्लंड-अमेरिकेतही लांब अंतराच्या शर्यती कमी होत चालल्या आहेत. मग थरोब्रेड, म्हणजे शर्यतीसाठीच जोपासलेल्या जातीच्या घोड्यातला दमच संपत आलाय का? आणि बक्षिसाची रक्कम भरघोस वाढवली, तर या शर्यती पुन्हा भरतील का?

दोन्हींचं माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. घोड्यांच्या वंशावळी वाचणं आणि कुठली घोडी कुठल्या स्टॅलियनकडे (पैदाशीच्या नर घोड्याकडे) न्यायची याचा सल्ला देणं हा माझा व्यवसाय. त्यामुळे मी शर्यतीकडे स्टँडमधून कमी आणि स्टड फार्मच्या हिशोबाच्या वहीतून जास्त बघतो. ट्रेनरला किंवा जॉकीला विचारलंत तर ते वेगळं काही सांगतील, आणि तेही खोटं नसेल.

आधी ‘लांब’ म्हणजे किती ते ठरवू. आपल्याकडे घोड्याचा दम म्हटलं की भीमथडीची तट्टं आठवतात, दिवसच्या दिवस मजल मारणारी. तो दम निराळा. थरोब्रेडच्या जगात २८०० मीटरच्या पुढे गेलं की अंतर लांब समजतात. अ‍ॅस्कॉट गोल्ड कप, म्हणजे या प्रकारातली सगळ्यात मानाची शर्यत, सुमारे ४००० मीटरची आहे आणि साडेचार मिनिटांच्या आत संपते. पण या साडेचार मिनिटांत घोडा जवळपास पूर्ण वेगात असतो. हा पल्ला त्याला झेपेल की नाही हे बरंचसं जन्माआधीच ठरलेलं असतं.

आता इतिहास, कारण लोकांना वाटतं की ही घसरण गेल्या तीस-चाळीस वर्षांतली आहे. ती अडीचशे वर्षांपूर्वी सुरू झाली. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमधली प्रतिष्ठेची शर्यत म्हणजे ‘किंग्ज प्लेट’. अंतर चार मैल, म्हणजे ६४०० मीटर. पाठीवर १२ स्टोन, साधारण ७६ किलो. आणि हे एकदा धावून भागत नसे. अर्ध्या तासाच्या विश्रांतीनंतर पुन्हा चार मैल, आणि निकाल लागला नाही तर तिसऱ्यांदा. घोडे पाच-सहा वर्षांचे, पुरते भरलेले असायचे. मग १७७६ मध्ये डॉनकास्टरला तीन वर्षांच्या घोड्यांसाठी एकाच फेरीची दोन मैलांची शर्यत सुरू झाली. तीच पुढे सेंट लेजर झाली. आज जिला आपण दमाची कसोटी म्हणतो, ती सुरू झाली तेव्हा जुन्या लोकांना पोरखेळ वाटली असणार. चार वर्षांनी एप्सम डर्बी आली, तीही पहिली काही वर्षं फक्त एका मैलाची. १७८४ पासून ती दीड मैलाची झाली. १७८६ मध्ये न्यूमार्केटला दोन वर्षांच्या घोड्यांसाठी जुलै स्टेक्स सुरू झाली आणि ती अजून चालू आहे. म्हणजे दहा वर्षांत सगळी दिशाच फिरली. मालकाला पैसा लवकर परत हवा होता, पैज लावणाऱ्याला दिवसात जास्त शर्यती हव्या होत्या. ही दोन्ही कारणं आजही तशीच आहेत.

अमेरिकेत चार मैलांच्या फेऱ्या आणखी बराच काळ टिकल्या. १८२३ मध्ये न्यूयॉर्कच्या युनियन कोर्सवर अमेरिकन एक्लिप्स आणि हेन्री या दोन घोड्यांत, उत्तर विरुद्ध दक्षिण म्हणून, चार-चार मैलांच्या तीन फेऱ्या झाल्या. एका दुपारी बारा मैल. १८५५ मध्ये न्यू ऑर्लिन्सला लेक्सिंग्टनने चार मैल ७ मिनिटं १९¾ सेकंदांत कापले. हाच लेक्सिंग्टन पुढे सोळा वेळा अमेरिकेचा अव्वल स्टॅलियन ठरला. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं इथून फुटतं: ज्या काळात दमाचा घोडा हाच सगळ्यात महाग बाप होता, त्या काळात दमाचे घोडे जन्माला येत होते.

यादवी युद्धानंतर तिथे फेऱ्या गेल्या आणि एकाच धावेच्या शर्यती आल्या. केंटकी डर्बी १८९६ मध्ये दीड मैलावरून सव्वा मैलावर आली. जॉकी क्लब गोल्ड कप दोन मैलांचा होता. केल्सोने तो १९६० ते १९६४ असा सलग पाच वेळा जिंकला. १९७६ मध्ये तो दीड मैलावर आणला, १९९० मध्ये सव्वा मैलावर. ब्रीडर्स कप या अमेरिकेतल्या मोठ्या शर्यत-मेळ्यावाल्यांनी २००८ मध्ये ‘मॅरेथॉन’ नावाची शर्यत घालून बघितली. २०१२ ची मॅरेथॉन अर्जेंटिनाहून आलेल्या कॅलिडोस्कोपिओ नावाच्या नऊ वर्षांच्या घोड्याने मारली. प्रेक्षकांना ती आवडली, पण अमेरिकन स्टड फार्मवाल्यांना ‘आमच्या काय कामाचं?’ असंच वाटलं असेल. २०१३ नंतर ती ब्रीडर्स कपच्या यादीतून गेली.

फ्रान्सनेही तेच केलं. प्री द्यू जॉकी क्लब, म्हणजे त्यांची डर्बी, २००५ मध्ये २४०० वरून २१०० मीटरवर आली. इंग्लंडने डर्बीला हात लावला नाही, पण सेंट लेजरची वेगळ्या रीतीने कोंडी झाली. १९७० मध्ये निजिन्स्कीने टू थाउजंड गिनीज, डर्बी आणि सेंट लेजर तिन्ही जिंकून ट्रिपल क्राउन मिळवला. लगेच पुढच्या महिन्यात पॅरिसला आर्क द त्रिऑम्फमध्ये तो थोडक्यात हरला. खापर फुटलं ते सेंट लेजरवर. त्या उन्हाळ्यात त्याला गजकर्ण झालं होतं, ते लोक विसरले. तेव्हापासून ‘डर्बी जिंकलीस ना, मग डॉनकास्टरला कशाला जातोस?’ हा नियमच पडला. नॅशवान १९८९ मध्ये गिनीज आणि डर्बी जिंकून गेला नाही, सी द स्टार्स २००९ मध्ये गेला नाही. २०१२ मध्ये कॅमलॉट गेला आणि घोड्याच्या पाऊण लांबीने हरला. निजिन्स्कीनंतर इंग्लिश ट्रिपल क्राउन कुणालाच मिळालेला नाही.

आता वहीतला हिशोब. शर्यतीचं बक्षीस हा चांगल्या नर घोड्याच्या कमाईचा छोटा भाग असतो. खरी कमाई तो निवृत्त झाल्यावर, घोड्या फळवण्याच्या फीमधून येते. आता पैदास करणारे बहुतेक लोक स्वतः घोडे पळवत नाहीत, वर्षाच्या शिंगराला लिलावात विकतात. विकत घेणाऱ्याला ते शिंगरू पुढच्याच वर्षी ट्रॅकवर हवं असतं. दमाचा घोडा उशिरा भरतो. त्याचं खरं रूप चौथ्या-पाचव्या वर्षी दिसतं. तोपर्यंत ट्रेनिंगची फी, चारा, डॉक्टर, नालबंद, सगळं दर महिन्याला तेवढंच द्यायचं. शिवाय लांब शर्यतीनंतर घोड्याला सावरायला वेळ लागतो, म्हणून वर्षात त्याच्या धावा कमी. अशा बापाचं शिंगरू लिलावात आलं की लोक त्याचे पाय बघतात, चाल बघतात, मग कॅटलॉग बघतात आणि गप्प बसतात. ज्या शिंगराला बोली लागत नाही, त्याच्या बापाकडे पुढच्या वर्षी घोड्या जात नाहीत.

ही साखळी कुठे नेते ते बघा. येट्सने अ‍ॅस्कॉट गोल्ड कप २००६ ते २००९ सलग चार वेळा जिंकला, असं आजवर दुसऱ्या कुणी केलेलं नाही. निवृत्तीनंतर त्याला अडथळ्यांच्या शर्यतींच्या पैदाशीला लावलं. म्हणजे त्याची मुलं कुंपणांवरून उड्या मारणार, सपाट ट्रॅकवर त्यांचं रक्त परत येणं अवघड. स्ट्रॅडिव्हेरियसने गोल्ड कप तीनदा, गुडवुड कप चारदा, आणि २०१८ व २०१९ मध्ये लांब पल्ल्याच्या घोड्यांसाठी ठेवलेला दहा लाख पौंडांचा बोनस दोन्ही वेळा जिंकला. तो न्यूमार्केटच्या नॅशनल स्टडला उभा राहिला तेव्हा त्याची फी ठरली १०,००० पौंड. त्याच २०२३ सालात फ्रँकेलची फी २,७५,००० पौंड होती. फ्रँकेल हा एकमेवाद्वितीय घोडा, तुलना जरा अन्यायाची आहे हे मान्य. पण पाच-सहा वर्षं सतत अव्वल राहिलेल्या घोड्याला बाजार काय मोल देतो, ते यातून कळतं. आणखी एक खूण सांगतो. रॉयल रेबेल, बिग ऑरेंज, ट्रॉलरमन हे तिघेही गोल्ड कपचे विजेते, आणि तिघेही खच्ची केलेले. घोडा खच्ची करायची कारणं बरीच असतात, स्वभाव हेही एक. पण ज्याच्या बाप होण्याला भाव आहे, त्याला मालक सहजासहजी खच्ची करत नाही.

बक्षीस वाढवण्याबद्दल विचारलंत, तर मेलबर्नकडे बघा. १८६१ पासून चालू असलेला मेलबर्न कप (आधी दोन मैल, १९७२ पासून ३२०० मीटर) ही जगातल्या सगळ्यात श्रीमंत शर्यतींपैकी एक आहे. त्या दिवशी मेलबर्नला सार्वजनिक सुट्टी असते. बक्षिसाने दम पैदा होत असता, तर ऑस्ट्रेलियात गल्लोगल्ली स्टेअर, म्हणजे लांब पल्ल्याचे घोडे, निपजले असते. झालं उलटं. १९५७ मध्ये सिडनीला दोन वर्षांच्या घोड्यांसाठी १२०० मीटरची गोल्डन स्लिपर सुरू झाली. पहिल्या पाचही वर्षी ती स्टार किंगडम या एकाच स्टॅलियनच्या मुलांनी जिंकली, आणि देशाच्या पैदाशीची दिशा ठरून गेली. १९९३ मध्ये आयर्लंडहून आलेल्या व्हिंटेज क्रॉपने मेलबर्न कप नेला. मग मालकांना सोपा रस्ता सापडला: तयार स्टेअर युरोपातून विकत आणायचा, घरी स्प्रिंटर (कमी अंतराचे वेगवान घोडे) पैदा करायचे. २०१० ते २०१८ या नऊ वर्षांत ऑस्ट्रेलियात जन्मलेला एकही घोडा मेलबर्न कप जिंकला नाही. त्यातले दोन विजेते, प्रोटेक्शनिस्ट आणि अल्मांडिन, जर्मनीत जन्मलेले. जर्मनीतली जुनी स्टड फार्म्स अजून बरीचशी स्वतःचे घोडे स्वतः पळवतात. लिलावाचं दडपण कमी, म्हणून तिथे दम टिकला. १८६९ पासूनच्या श्लेंडरहान फार्मची अ‍ॅलेग्रेटा ही घोडी. तिची मुलगी अर्बन सी, आणि अर्बन सीची मुलं गॅलिलिओ आणि सी द स्टार्स. सगळ्या युरोपाने त्या एका घराण्यावर हात मारला.

दम संपला का, याचं उत्तर आता सोपं जाईल. २०१० मध्ये डब्लिनच्या संशोधकांनी मायोस्टॅटिन या जनुकाचा संबंध अंतराशी जोडून दाखवला. ज्या घोड्यात सी-सी अशी जोडी असते तो साधारण ६ फर्लांगांचा, सी-टी असेल तर ९ च्या आसपासचा, टी-टी असेल तर १० फर्लांग आणि पुढचा (फर्लांग म्हणजे ढोबळमानाने २०० मीटर). ही सरासरी आहे, भविष्यवाणी नव्हे. दम म्हणजे केवळ हे एक जनुक नाही. हृदय, फुप्फुसं, डोकं शांत ठेवणं, सगळं त्यात येतं. पण चाचणी उपलब्ध आहे आणि टी-टी घोडे अजून जन्माला येतातच. एक्झिटर विद्यापीठातल्या अभ्यासकांनी ब्रिटनच्या शर्यतींच्या वेळा तपासून २०१५ मध्ये मांडलं की घोडे अजून वेगवान होत आहेत, मात्र ही सुधारणा प्रामुख्याने स्प्रिंटमध्ये दिसते. लांब अंतरात घोडे मागे पडलेत असं काही त्यात नाही. तिथे गाडी जागच्या जागी उभी आहे, एवढंच. स्प्रिंटमध्ये माणसाने निवड केली, लांब अंतरात करायचं थांबवलं.

आणि निवड चालू ठेवली तर काय होतं, ते जपानमध्ये दिसतं. या सगळ्या विषयात मला सगळ्यात रस असलेली गोष्ट हीच.

जपानची ट्रिपल क्राउन ३००० मीटरच्या किकुका शो शर्यतीने पूर्ण होते, आणि वसंतातली तेन्नो शो ३२०० मीटरची आहे. डीप इम्पॅक्टने २००५ मध्ये ट्रिपल क्राउन आणि २००६ मध्ये तेन्नो शो जिंकली. युरोपात असता तर ‘स्टेअर आहे’ म्हणून नाकं मुरडली असती. तिथे तो २०१२ पासून २०२२ पर्यंत सलग अव्वल स्टॅलियन राहिला आणि त्याची फी ४ कोटी येनपर्यंत गेली. त्याच्या मुलांनी मैलाच्या शर्यतीही जिंकल्या. याचा अर्थ, ३२०० मीटर जिंकणारा घोडा मंद असतो हे बाजाराने स्वतःच्या सोयीसाठी रचलेलं मिथक आहे.

त्याहून बोलकी गोष्ट दोन सख्ख्या भावांची. ऑपेरा हाउस आणि केफ तारा, दोघांचा बाप सॅडलर्स वेल्स, आई कलरस्पिन. केफ ताराने गोल्ड कप १९९८ आणि २००० मध्ये जिंकला. त्याला इंग्लंडमध्ये अडथळ्यांच्या पैदाशीला लावलं, आणि तिथे त्याने थिसलक्रॅकसारखे उत्तम घोडे दिले. ऑपेरा हाउस हा २४०० मीटरचा उत्तम घोडा, १९९३ ची किंग जॉर्ज ही इंग्लंडमधली मोठी शर्यत जिंकलेला. तो जपानला गेला. तिथे त्याचा मुलगा टी. एम. ऑपेरा ओ. याने २००० या वर्षात धावलेल्या आठच्या आठ शर्यती जिंकल्या, त्यात दोन्ही तेन्नो शो (वसंतातली आणि शरदातली) आणि जपान कप. दुसरा मुलगा मेइशो सॅमसन २००६ ची जपान डर्बी आणि २००७ च्या दोन्ही तेन्नो शो जिंकला. भाऊ-भाऊ एकसारखे नसतात, कबूल. केफ तारा जपानला गेला असता तर असंच झालं असतं असं मी शपथेवर सांगणार नाही. पण त्याला सपाट शर्यतींच्या चांगल्या घोड्या मिळाल्याच नाहीत, मग निकाल लागणार कसा?

जपानही धुतल्या तांदळासारखा नाही. शरद ऋतूतली तेन्नो शो १९८४ मध्ये ३२०० वरून २००० मीटरवर आणली गेली. २०१७ मध्ये ओसाका हाई या २००० मीटरच्या शर्यतीला जी-वन, म्हणजे सर्वोच्च, दर्जा मिळाला, तेव्हापासून काही मोठे घोडे वसंतातली ३२०० मीटरची टाळू लागले. मेजिरो फार्मने तर तेन्नो शो हेच कुळाचं दैवत मानलं होतं. मेजिरो असामा, त्याचा मुलगा मेजिरो टायटन, त्याचा मुलगा मेजिरो मॅक्वीन, तीन पिढ्यांनी तेन्नो शो जिंकली. हे फार्म २०११ मध्ये बंद पडलं. आणि त्याच वर्षी ऑर्फेव्हर नावाच्या घोड्याने जपानची ट्रिपल क्राउन मारली. त्याच्या आईचा बाप कोण? मेजिरो मॅक्वीन. २०१२ ची किकुका शो आणि २०१५ ची तेन्नो शो जिंकणाऱ्या गोल्ड शिपच्या आईचा बापही मॅक्वीनच.

माझ्या धंद्यात यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते: दमाच्या घोड्याला बाप म्हणून बाजार नसेल, तर त्याच्या मुली सांभाळा. वेगवान स्टॅलियन आणि दमदार घराण्यातली घोडी या मेळातून २४०० मीटर पेलणारा आणि लिलावातही खपणारा घोडा मिळू शकतो. आपल्याकडच्या काही जुन्या फार्म्सनी हे नेहमी जाणलं. नव्या लोकांना मात्र आईकडची बाजू वाचायचा कंटाळा असतो, ते कॅटलॉगच्या पानावरचं पहिलं नाव बघतात.

आता पुणे. आपल्याकडे एक गोष्ट इंग्लंडपेक्षा बरी आहे: इंडियन डर्बी चार वर्षांच्या घोड्यांसाठी असते, तीन वर्षांच्या नाही. त्यामुळे घोड्याला भरायला वेळ मिळतो. गिनीज डिसेंबरात, डर्बी थंडी संपता संपता महालक्ष्मीला, आणि सेंट लेजर सप्टेंबरात पुण्याला. मधे उन्हाळा आणि अर्धा पावसाळा. डर्बी जिंकलेल्या मालकाला सेंट लेजर जिंकून फार मिळवायचं नसतं, हरून मात्र बरंच गमवायचं असतं. स्क्वॉन्डरर आणि एल्युसिव्ह पिंपरनेल यांची नावं अजून निघतात ती तिन्ही शर्यती जिंकल्या म्हणूनच. पण त्यांचे मालक-ट्रेनर वेगळ्या काळातले होते.

दुसरी अडचण कार्यक्रमपत्रिकेची. मोसमाचं कार्ड उघडा: बहुतेक शर्यती १००० ते १६०० मीटरच्या. खालच्या क्लासमधल्या (कमी रेटिंगच्या) घोड्याला २००० मीटरच्या पुढे संधी क्वचितच. मग एकदम वर २४०० ची डर्बी, २८०० ची सेंट लेजर, आणि इन्व्हिटेशन कप या देशपातळीवरच्या शर्यतीच्या वेळी ३००० ची स्टेअर्स ट्रॉफी. मधल्या पायऱ्याच नाहीत. ट्रेनरने दमाचा घोडा ओळखायचा कुठे? तो चौदाशे मीटरला मागून चौथा येतो, रेटिंग घसरतं, मालक कंटाळतो आणि घोडा विकला जातो. क्लबची बाजूही समजून घ्यायला हवी. शर्यतीत पाच घोडे असले की टोटवर, म्हणजे क्लबच्या पैजांच्या खिडकीवर, पैसे येत नाहीत, जॅकपॉटला मजा राहत नाही. म्हणून क्लब लांब शर्यत ठेवत नाही. शर्यत नाही म्हणून घोडे नाहीत, आणि घोडे नाहीत म्हणून शर्यत नाही.

ब्रिटनने २०१७ च्या सुमारास यावर थोडं काम केलं. गुडवुड कपला ग्रुप वन दर्जा दिला. दोन वर्षांच्या घोड्यांसाठी काही शर्यती अशा ठेवल्या, की ज्यांच्या आई किंवा बापाने लांब अंतर जिंकलंय त्यांनाच प्रवेश. मला यातली दुसरी युक्ती जास्त पटते. पहिलीने शिखरावरच्या घोड्याला मान मिळतो, दुसरीने लिलावातल्या शिंगराला भाव मिळतो.

पुण्यात मी असतो तर सेंट लेजरच्या बक्षिसात एक रुपयाही वाढवला नसता. तो पैसा जुलै-ऑगस्टमध्ये, ट्रॅक पावसाने मऊ असताना, तिसऱ्या-चौथ्या क्लाससाठी २००० आणि २४०० मीटरच्या हँडिकॅप (सरस घोड्याला जास्त वजन देणाऱ्या) शर्यतींवर घातला असता, दर पंधरवड्याला एक तरी. आणि विजेत्याच्या पैदासकाराला वेगळा बोनस दिला असता, मालकापेक्षा निराळा, थेट स्टड फार्मच्या खात्यात. सुरुवातीची दोन-तीन वर्षं फील्ड (धावणाऱ्या घोड्यांची संख्या) लहानच राहतील, टोटवाले कुरकुरतील. आज फळवलेल्या घोडीचं शिंगरू सेंट लेजरला उभं राहायला पाच वर्षांहून जास्त काळ लागतो, त्यामुळे क्लबच्या समितीने त्याआधी हात टेकले तर काहीच हाती लागणार नाही.